राजदूत ३५०: वेग जपानचा, ब्रेक जुन्या काळाचा

१९८३ साली एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० भारतीय बाजारात आणली. मूळ गाडी यामाहाची आरडी ३५०, जपानमध्ये १९७३ साली आलेली. इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. मोठी मोटारसायकल म्हणजे बुलेट, एवढेच ठाऊक असलेल्या देशात हा वेग अनोखा होता.

मात्र प्रवासात एक गोष्ट बदलली. मूळ गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. भारतीय आवृत्तीत खर्च वाचवण्यासाठी ड्रम ब्रेक बसवला गेला. लुई रेनॉने १९०२ मध्ये रुळवलेली ही रचना तेव्हा ऐंशी वर्षांची झाली होती. तंत्रज्ञान हस्तांतरणाचा इतिहास बहुधा इंजिनाभोवती लिहिला जातो. या गाडीचा खरा इतिहास पुढच्या चाकात आहे.

ड्रमच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू असतात. कॅम फिरला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. साध्या ब्रेकमध्ये दोन्ही शूंसाठी एकच कॅम असतो. त्यामुळे फिरता ड्रम एका शूला स्वतःकडे ओढून घेतो, तर दुसऱ्याला दूर लोटतो. राजदूत ३५० च्या पुढच्या ड्रममध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम होता, म्हणून दोन्ही शू ओढले जात आणि पकड वाढे. डिस्कची उणीव भरून काढण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

त्याची किंमत मालकाने आणि मिस्त्रीने मोजली. दोन कॅमचे दोन आर्म बाहेरून एका लिंक रॉडने जोडलेले असतात. रॉडची लांबी जराशी चुकली की एक शू आधी टेकतो, दुसरा मागे राहतो. लिव्हर कडक लागते, गाडी मात्र अर्ध्याच ब्रेकवर थांबू पाहते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून हा दोष घातक.

जुळवणीची रीत अशी: पुढचे चाक जमिनीपासून उचलावे, केबल सैल करावी, लिंक रॉडचा चेक नट ढिला करावा. चाक फिरवत प्रत्येक शू नेमका कुठे टेकतो ते आर्म हाताने हलवून पाहावे आणि दोन्ही एकाच क्षणी टेकतील अशी रॉडची लांबी ठरवावी. चेक नट कसल्यावरच केबलकडे वळावे. लिव्हरच्या टोकाला काही मिलिमीटरची मोकळीक हवीच. शेवटी एक्सलचा नट किंचित सैल करून, ब्रेक दाबून धरून, तो पुन्हा आवळावा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. अनेक जण फक्त केबल ताणून मोकळे होतात. तेवढ्याने लिव्हर वर येते, शूंमधला फरक तसाच राहतो.

नागपुरात ब्रेक ढिला पडला की दोष मे महिन्याच्या उन्हाला दिला जातो. बिचाऱ्या उन्हाचा यात वाटा फारच थोडा. जोरात ब्रेक मारल्यावर ड्रम उन्हापेक्षा कितीतरी अधिक तापतो, प्रसरण पावून शूंपासून दूर जातो आणि लिव्हर खोल जाऊ लागते. अति घट्ट केलेला ब्रेक तर सतत घासून स्वतःच तापतो.

या रचनेची दुसरी बाजू सेमिनरी हिल्सच्या चढावर कळते. गाडी मागे घरंगळू लागली की ड्रम उलट फिरतो, दोन्ही शू ढकलले जातात आणि एरवी दमदार असणारा पुढचा ब्रेक अचानक दुबळा होतो. तिथे मागचाच ब्रेक दाबावा लागतो.

१९८५ साली यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १०० आल्या. पेट्रोल पिणारी राजदूत ३५० दशकाच्या अखेरीस संपली. आज अशी गाडी जतन करणाऱ्याने ड्रम उघडताना आणखी एक भान ठेवावे: त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई. आतली धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्यानेच पुसून घ्यावी.