सुएझचं बिल

अमेरिकेचं कुठे काही बिनसलं की इथल्या इंग्रजी पेपरांत दोन शब्द हमखास दिसतात: 'सुएझ मोमेंट'. २०२१मध्ये काबूलहून शेवटची लष्करी विमानं उडाली तेव्हा दिसले, नंतरही अधूनमधून दिसत राहिले. म्हणणं असं की १९५६मध्ये सुएझ कालव्यापाशी ब्रिटिश साम्राज्याचा खेळ संपल्याचं जसं साऱ्या जगाला दिसलं, तसं आता अमेरिकेचं होतंय. या कथेत एका आठवड्यात एक सत्ता पायउतार होते, दुसरी तिच्या जागी बसते आणि जग पुढे चालू लागतं.

या कथेतल्या घटनांबद्दल माझी तक्रार नाही, शेवटाबद्दल आहे. ६ नोव्हेंबर १९५६च्या मध्यरात्री युद्धबंदी झाली, इथे बहुतेक पुस्तकं प्रकरण संपवतात. सुएझचं बिल मात्र त्यानंतर फाडलं गेलं, आणि त्यातल्या काही रकमा अजून फिटलेल्या नाहीत. पॉडकास्टमध्ये आपण जागतिक सत्तांतराबद्दल बोलतो तेव्हा चर्चा वर चढणारा देश कोण आणि खाली उतरणारा कोण यावरच अडकते. मला वाटतं, उतरणारे आणि त्यांच्यावर विसंबलेले देश घाबरून नंतर काय काय करून ठेवतात, ते पाहायला हवं.

घटना थोडक्यात सांगते. २६ जुलै १९५६ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. भाषणात कालवा खोदणाऱ्या 'द लेसेप्स'चं नाव येणं हा ठरलेला इशारा होता. ते नाव आलं आणि नासर यांच्या माणसांनी कंपनीची ऑफिसं ताब्यात घेतली. पश्चिम युरोपचं तेल याच वाटेने यायचं. ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना नासरमध्ये मुसोलिनी दिसला. फ्रान्सला दिसला तो अल्जेरियातल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणारा माणूस. इस्राएलची स्वतःची कारणं होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या एका बंगल्यात तिघांनी गुपचूप ठरवलं: इस्राएलने सिनाईत घुसायचं, मग ब्रिटन आणि फ्रान्सने 'भांडण सोडवायला' मध्ये पडायचं आणि कालवा ताब्यात घ्यायचा. कराराची ब्रिटिश प्रत ईडन यांनी नष्ट करवली. इस्राएलची प्रत मात्र जपून ठेवलेली होती.

२९ ऑक्टोबरला इस्राएलने हल्ला केला, ५ नोव्हेंबरला ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदला उतरले. इजिप्तने आधीच जहाजं बुडवून कालवा बंद करून टाकला होता. ज्या वाटेसाठी युद्ध केलं ती वाट युद्धामुळेच बंद पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ब्रिटनला थांबवलं ते पाउंडाने, आणि इथे एक मराठी माणूस कथेत येतो.

१९४४च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची आखणी झाली. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धात भारताने ब्रिटनला माल, अन्न, कापड, सगळं पुरवलं होतं आणि बदल्यात मिळाली होती लंडनमध्ये पाउंडात जमा झालेली उधारी. युद्ध संपेतो ती सुमारे १३० कोटी पाउंडांवर गेली. म्हणजे गुलाम सावकार आणि मालक कर्जदार! भारतीय प्रतिनिधींनी तिथे हा विषय लावून धरला. हा पैसा आम्हाला वापरता येईल अशी काही सोय नव्या संस्थेत करा, असा त्यांचा आग्रह होता. ब्रिटनने नकार दिला: हा आमचा आणि आमच्या धनकोंचा आपसातला मामला आहे, तो आम्ही पाहून घेऊ.

इजिप्तचंही असंच मोठं येणं लंडनमध्ये होतं, आणि कालवा जाताच ब्रिटनने इजिप्तची पाउंड खाती गोठवली. पाउंड तेव्हा अर्ध्या जगाचं राखीव चलन होता खरा, पण त्यामागची गंगाजळी तोकडी होती. देणेकऱ्याच्या पतीवर शंका आली की जो तो आपला पैसा काढायला धावतो, देश असो वा माणूस. युद्ध सुरू होताच पाउंड विकले जाऊ लागले. पाउंड सावरायला डॉलर हवे होते, ते नाणेनिधीकडून यायचे होते आणि नाणेनिधीत शब्द अमेरिकेचा चालत होता. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एवढंच कळवलं की आधी युद्ध थांबवा. सर्वांत आधी युद्धाची भाषा करणारे अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन आता माघारीसाठी सर्वांत घाईला आले. ३ डिसेंबरला ब्रिटनने सैन्य मागे घेण्याचं जाहीर केलं आणि आठवडाभरात नाणेनिधीने जवळपास १३० कोटी डॉलरची सोय केली. भारताचं पाउंडातलं येणं आणि हा आकडा सारखाच, १३०. निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण मला तो विसरता येत नाही.

(नासर यांनी कालवा घेतला त्याच जुलैमध्ये चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते.)

इथवर कथा दिलासा देणारी आहे. गोळीपेक्षा डॉलर बरा. पण ५ नोव्हेंबरला आणखी एक गोष्ट घडली. सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी लंडन, पॅरिस आणि तेल अवीवला पत्रं धाडली. ईडन यांना विचारलं होतं की एखाद्या बलाढ्य देशाने ब्रिटनवर रॉकेटं सोडली तर तुम्हाला कसं वाटेल? आदल्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये शिरले होते, तेव्हा या नैतिकतेचं मोल वेगळं सांगायला नको. शिवाय धमकीत बरंच उसनं अवसान होतं. खंड ओलांडणाऱ्या सोव्हिएत रॉकेटची पहिली यशस्वी चाचणी व्हायला १९५७चा ऑगस्ट उजाडला. युद्ध थांबलं ते मुख्यतः वॉशिंग्टनच्या दबावाने. ख्रुश्चेव्ह यांनी मात्र वेगळा धडा घेतला: अणुबॉम्बची नुसती भीती दाखवली तरी बडे देश मागे हटतात. दोन वर्षांनी त्यांनी बर्लिनवरून अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सला सहा महिन्यांची मुदत दिली. सहा वर्षांनी क्यूबात क्षेपणास्त्रं नेली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि जन्मण्याची शक्यता ऑक्टोबर १९६२च्या त्या तेरा दिवसांत किती कमी झाली होती हे कुणालाच नीट मोजता येणार नाही.

आता हरलेल्यांकडे या. फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले अणुबॉम्बबद्दल आधी साशंक होते. फ्रेंच शास्त्रज्ञांचं काम काही वर्षं चालू होतं, पण राजकीय होकार अर्धामुर्धा होता. सुएझने तो पक्का केला. पॅरिसने काढलेला निष्कर्ष सरळ होता: रशिया धमकावतो, अमेरिका हात झटकते, मित्र ब्रिटन आपल्याला न विचारता लढाई थांबवतो, तर आपला बॉम्ब आपणच करायचा. नोव्हेंबर संपायच्या आत संरक्षण खातं आणि अणुऊर्जा आयोग यांच्यात त्यासाठी लेखी करार झाला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने इस्राएलला दिमोना इथली अणुभट्टी बांधून देण्याचं मान्य केलं. सिनाई सोडावं लागलेल्या इस्राएललाही दुसऱ्याच्या शब्दावर जगायचं नव्हतं. त्या भट्टीतून पुढे काय निघालं, याला इस्राएलने आजवर हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

ब्रिटनने उलटी वाट धरली. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. हायड्रोजन बॉम्ब करायचं १९५४मध्येच ठरलं होतं, पण जानेवारी १९५७मध्ये पंतप्रधान झालेल्या मॅकमिलन यांना तो आता आणखी एका कामासाठी हवा होता. आपण बरोबरीचे आहोत हे दाखवून अमेरिकेकडून अणुगुपितांत वाटा मिळवायचा होता. घाई झाली. उत्तर इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या भट्ट्या प्लुटोनियमसाठी बांधलेल्या होत्या, त्यांच्यावर बॉम्बसाठीच्या ट्रिटियमचा भार टाकला गेला. १० ऑक्टोबर १९५७ला एका भट्टीच्या गाभ्याला आग लागल्याचं लक्षात आलं. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर उतरलं, गवतातून गाईच्या दुधात. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध शेतकऱ्यांनी ओतून दिलं. चौकशीचा पूर्ण अहवाल मॅकमिलन यांनी दाबून ठेवला, कारण त्याच महिन्यात ते आयझेनहॉवर यांच्याशी बोलणी करायला वॉशिंग्टनला निघाले होते आणि आपल्या भट्ट्या बेभरवशाच्या आहेत हे तिथे कळायला नको होतं. १९५८मध्ये तो अमेरिकी करार झाला, तो आजही चालू आहे. अहवाल लोकांसमोर यायला १९८८ उजाडलं. तुमच्यापैकी कुणी लेक डिस्ट्रिक्टला फिरायला गेलं असेल तर ती जागा तिथून पश्चिमेला, समुद्रकाठी आहे. तिला आता सेलाफील्ड म्हणतात.

म्हणून 'सुएझ मोमेंट' हे शब्द वाचले की मी अमेरिका किंवा चीनकडे बघण्याआधी मधल्या देशांकडे बघते. युक्रेनने १९९४मध्ये आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं आश्वासनांच्या बदल्यात सोडली, त्या आश्वासनांचं काय झालं ते सेऊल, वॉर्सा, बर्लिन, सगळ्यांनी पाहिलंय. दक्षिण कोरियाच्या जनमत चाचण्यांत स्वतःच्या बॉम्बला बहुमत मिळत आलंय. २०२५च्या मार्चमध्ये मॅक्राँ यांनी फ्रेंच अण्वस्त्रांचं छत्र युरोपातल्या इतर मित्रांवर धरण्याची चर्चा उघडपणे सुरू केली. हे सगळे देश सुसंस्कृत आहेत, लोकशाही आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही. १९५६चं फ्रान्सही असंच होतं. आणखी एक फरक आहे. तेव्हा उतरणारा देश चढणाऱ्याचा मित्र आणि ऋणको होता, त्यामुळे एका निरोपात तो थांबला. आजच्या जोडीत असा निरोप कोण कुणाला देणार, मला सांगता येत नाही.

फ्रान्सने आपला पहिला बॉम्ब १३ फेब्रुवारी १९६०ला फोडला, हिरोशिमाच्या जवळपास चौपट ताकदीचा. जागा निवडली होती सहारातलं रेगान, म्हणजे अल्जेरिया, ज्याच्या स्वातंत्र्यलढ्याची रसद तोडायला फ्रान्स सुएझवर गेला होता. १९६२मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला, पण करारातल्या एका कलमाच्या आधारे चाचण्या १९६६पर्यंत तिथेच चालल्या, एकूण सतरा. जाताना फ्रेंचांनी किरणोत्सर्गी यंत्रसामग्री वाळूत पुरली. ती नेमकी कुठे कुठे पुरली आहे, त्याचे पूर्ण नकाशे अल्जेरिया अजून मागतो आहे.