बेट तेच, धनी नवा: सिंधुदुर्गापासून सर्व्हरच्या इशाऱ्यापर्यंत

इ.स. १७६५. मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग मेजर गॉर्डन आणि कॅप्टन जॉन वॉटसन यांच्या हाताखालील इंग्रज फौजेने जिंकला. मुंबईकर इंग्रजांनी त्याचे नाव बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. परंतु किल्ला राखणे परवडेना. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या जिजाबाईंशी तह होऊन तो परत देण्यात आला. (या जिजाबाई म्हणजे कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या राणी, शिवछत्रपतींच्या मातोश्री नव्हेत. नावांचा हा गोंधळ समाजमाध्यमांवर वारंवार होतो.)

त्या वर्षभरात दूरच्या बंदराहून मालवणकडे येणाऱ्या एखाद्या गलबताच्या तांडेलाला काय दिसले असेल? तीच तटबंदी, शेजारी तोच पद्मगड, तेच खडक. जागा तसूभरही हललेली नव्हती, आतला धनी मात्र बदलला होता. एखाद्या ठिकाणाचा पत्ता ठाऊक असणे आणि तिथे कोण आहे हे ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या धाग्याचा विषय हाच भेद आहे, फक्त किल्ल्याच्या जागी लिनक्स सर्व्हर आहे.

प्रसंग नित्याचा आहे. जुना सर्व्हर बिघडतो, तो पुसून नव्याने उभारला जातो. नाव तेच, आयपी पत्ता तोच. घरून लॉगिन करू पाहणाऱ्याच्या पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत इशारा येतो की दूरच्या यंत्राची ओळख बदललेली आहे, कोणी घातपात करीत असण्याचा संभव आहे. जोडणी तिथेच तुटते. बहुतेकांना हा बिघाड वाटतो. वास्तविक सर्व यंत्रणेत त्या क्षणी चोख काम करणारी तीच एक गोष्ट असते, आणि ती तशी का घडली याला इतिहास आहे.

दूरस्थ लॉगिनचा इतिहास अपयशापासूनच सुरू होतो. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवर लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला, तोच लॉगिनचा होता. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोलमडली. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला, तो साधला.

पुढे टेलनेट रुळले. त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जाई. वाटेत कान लावून बसलेल्याला तो जसाच्या तसा मिळे. १९८० च्या दशकात बर्कलीच्या युनिक्समधून ‘आरलॉगिन’ आले. त्यात ठरावीक यंत्रांची यादी करून ठेवता येई आणि त्या पत्त्यांवरून येणाऱ्याला पासवर्डही विचारला जात नसे. डोलकाठीवरचे निशाण पाहून दिंडी उघडण्यासारखा हा व्यवहार होता. निशाण खोटे लावता येते. २५ डिसेंबर १९९४ रोजी सुतोमु शिमोमुरा या सुरक्षातज्ज्ञाच्या सॅन डिएगोतील यंत्रांवर जो हल्ला झाला, तो विश्वासातल्या यंत्राचा पत्ता बनावटपणे वापरूनच.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरणारा हल्ला झाला. तिथला संशोधक तातू युलोनेन याने त्यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर शेल’, म्हणजे एसएसएच, लिहिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याने मागून घेतलेला पोर्ट क्रमांक २२ हा एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधोमध आहे. ज्या दोघांची जागा घ्यायची होती, त्यांच्या मध्येच जाऊन बसावे असा हा प्रकार. १९९९ च्या अखेरीस ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणले. आज लिनक्स सर्व्हरवर बहुतांशी तेच चालते.

एसएसएच संभाषण सांकेतिक करते हे सर्वांना ठाऊक असते. ओळखीबद्दल त्याने जे केले, त्याची चर्चा कमी होते. प्रत्येक सर्व्हरपाशी स्वतःची गुप्त किल्ली असते. तिच्या जोडीची उघड किल्ली सर्व्हर भेटणाऱ्याला देतो. पहिल्या भेटीत तिचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, पडद्यावर दिसतो. माणूस ‘होय’ म्हणतो आणि ती किल्ली त्याच्या यंत्रावरील ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये नोंदली जाते. पुढील प्रत्येक भेटीत आलेली किल्ली या नोंदीशी ताडली जाते.

मोडी कागद वाचणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. शिवछत्रपती, संभाजीराजे, राजाराममहाराज यांच्या मुद्रा निरनिराळ्या होत्या. गादीवर नवा राजा आला की मुद्रा नवी. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. (‘शिक्कामोर्तब’ हा शब्द इथलाच.) नव्या मुद्रेचे पहिले पत्र हाती पडलेल्या किल्लेदारापुढे पेच असा की मुद्रा जुन्या पत्रांशी जुळत नाही. यामागे राज्यारोहण आहे की कपट, हे त्या कागदावरून कळत नाही. ते दुसऱ्या वाटेने कळावे लागते.

सर्व्हर नव्याने उभारला की नेमके हेच घडते. नवी प्रणाली सुरू होताना नव्या किल्ल्या तयार करते. जुनी नोंद चुकीची ठरते, इशारा येतो. घाईतला माणूस जुनी नोंद पुसून ‘होय’ म्हणतो, किंवा ही तपासणीच बंद करून टाकतो. कोकणाने अशा घाईची किंमत १७७६ साली पाहिली आहे. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा तोतया रत्नागिरीस कैदेत होता. सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला खरा मानून मोकळे केले. त्याच्याभोवती मोठी फौज गोळा झाली, तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत पोहोचला. महादजी शिंद्यांनी त्याचा पराभव केला, रघुजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि पुण्यात त्याला देहदंड झाला.

योग्य रीत अवघड नाही. सर्व्हरपाशी दुसऱ्या वाटेने जावे: यंत्र जवळ असेल तर त्याच्याच पडद्यावर, क्लाउडमध्ये असेल तर सेवादात्याच्या कन्सोलवरून. तिथे ‘एसएसएच-कीजेन’ने नव्या किल्लीचा ठसा काढावा, घरच्या पडद्यावरील ठशाशी अक्षर न् अक्षर ताडावा आणि जुळला तरच त्याच आज्ञेच्या ‘-आर’ पर्यायाने जुनी नोंद काढावी. सर्व्हर पुसण्यापूर्वी जुन्या किल्ल्या जपून ठेवल्या असतील तर त्या परत बसवणे आणखी बरे. मग कोणालाच इशारा येत नाही. त्या चोरीस गेल्याचा संशय असेल तर मात्र त्यांना हात लावू नये.

प्रत्येक अपयश ओळखीचेच असते असे नाही. उत्तरच न येता वेळ संपली तर पत्ता चुकलेला किंवा फायरवॉल आड आलेली. तत्काळ नकार आला तर यंत्र जागे आहे, पण एसएसएचची सेवा सुरू नाही किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे. ओळख पटूनही ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले तर प्रश्न उलट बाजूचा आहे, म्हणजे सर्व्हर येणाऱ्याला ओळखत नाही. नव्या उभारणीत त्याची उघड किल्ली ठेवायची राहिलेली असते, किंवा बॅकअपमधून आलेल्या फाइलची मालकी भलत्याच वापरकर्ता-क्रमांकाकडे गेलेली असते. मालकी वा परवानग्या सैल दिसल्या की ओपनएसएसएच ती फाइल मानतच नाही.

हे सारे कधीकधी एकाच वेळी जगभर घडते. मे २००८ मध्ये उघड झाले की डेबियनमधील एका बदलामुळे २००६ पासून तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने शोधता येण्याजोग्या होत्या. असंख्य सर्व्हरांना मुद्रा बदलावी लागली. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए किल्ली बदलली, कारण गुप्त किल्ली काही काळ एका सार्वजनिक कोठारात उघडी पडली होती. त्या दिवशी जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर तोच इशारा झळकला. गिटहबने नव्या किल्लीचा ठसा आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला होता, त्यामुळे ताडून पाहण्याची दुसरी वाट प्रत्येकाला खुली होती.

याउलट अडचण अशी की एकाच तयार प्रतिमेवरून अनेक सर्व्हर उभारले आणि किल्ल्या नव्याने केल्या नाहीत, तर सर्वांचा ठसा एकच निघतो. एकाच्या जागी दुसरा बसवला तरी इशारा येत नाही. म्हणून जाणते व्यवस्थापक प्रतिमा तयार करतानाच तिच्यातील किल्ल्या पुसून टाकतात.