परसातले घर आणि त्यामागचा इतिहास

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१५ साली आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी आवारातच एक छोटे घर उभे केले. जेमतेम पाचशे चौरस फुटांचे आणि वजनाने हलके. एखाद्या बंगलीच्या परसात मावेल, म्हातारे आईवडील किंवा नुकताच कमावता झालेला मुलगा तिथे राहू शकेल, एवढाच त्यामागचा विचार. डेना कफ या प्राध्यापिकेच्या ‘सिटीलॅब’ने केव्हिन डेली या आर्किटेक्टच्या साथीने हा प्रयोग केला होता.

आपल्याला यात नवल वाटणार नाही. मुलाचे लग्न ठरले की परसात पत्र्याची खोली काढणे ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट. पण कॅलिफोर्नियातल्या बहुतेक वस्त्यांत परसात दुसरे घर बांधणे जवळपास अशक्य होते. एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर, हा तिथला नियम. बर्कले शहराने तो १९१६ साली केला आणि पुढे तो देशभर पसरला. वरवर पाहता हा नगररचनेचा नियम. प्रत्यक्षात त्याने भाडेकरू, गरीब आणि कृष्णवर्णीय यांना चांगल्या वस्त्यांबाहेर ठेवले. ‘हे घर गोऱ्यांशिवाय कोणाला विकू नये’ असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. करार निष्प्रभ झाले, पण भूखंडाचा नियम राहिला.

म्हणून विद्यार्थ्यांच्या त्या घराकडे मी हस्तकलेचा नमुना म्हणून पाहत नाही. कफ यांच्या गटाने पुढे कायद्याच्या मसुद्यासाठीही काम केले. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने परसातल्या घरांना मुभा देणारे कायदे केले आणि १ जानेवारी २०१७ पासून ते लागू झाले. त्यानंतर एकट्या लॉस एंजेलिसमध्ये अशा घरांचे परवाने शेकड्यांवरून हजारांवर गेले.

विद्यार्थ्यांनी स्वतः घर बांधण्याची ही परंपरा मात्र बरीच जुनी आहे आणि तिचे मूळ श्रीमंत विद्यापीठांत नाही. ते अलाबामात, टस्कीगी येथे आहे.

गुलामगिरी संपून सोळाच वर्षे झाली होती. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीत कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू केली. पैसा नव्हता, इमारत नव्हती. विद्यार्थ्यांनीच विटा पाडायला घेतल्या. तीन भट्ट्या वाया गेल्या. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले, आणि ती भट्टी साधली. पुढे एमआयटीतून आर्किटेक्चरची पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय, रॉबर्ट टेलर, तिथे शिकवायला आले. त्यांनी आराखडा केलेले चॅपल १८९८ साली पूर्ण झाले. त्याच्या सुमारे बारा लाख विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या होत्या. वॉशिंग्टन आत्मचरित्रात सांगतात की नवा मुलगा भिंतीवर रेघोट्या मारू लागला तर जुना मुलगा त्याला अडवी, कारण ती भिंत त्याने स्वतः उभी केलेली असे.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. डब्ल्यू. ई. बी. दु बोईस यांनी १९०३ साली या विचारावर कडक टीका केली. कृष्णवर्णीयांनी हातकाम शिकावे आणि मताचा हक्क, उच्च शिक्षण यांची मागणी मागे ठेवावी, हा सौदा त्यांना मान्य नव्हता. मला ही टीका महत्त्वाची वाटते. श्रमाची थोरवी गाणारा बऱ्याचदा श्रम करणाऱ्याला आहे तिथेच ठेवू पाहतो.

१९६७ साली हेच हातकाम येल विद्यापीठात सन्मानाने दाखल झाले. विभागप्रमुख चार्ल्स मूर यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना केंटकीतल्या न्यू झायन या गरीब गावात समाजकेंद्र बांधायला नेले. नागरी हक्कांच्या चळवळीचा तो काळ. नुसते कागदावर रेघा ओढत बसणे मुलांनाही नकोसे झाले होते. तो उपक्रम आजही चालतो. १९८९ पासून येलचे विद्यार्थी न्यू हेवन शहरात परवडणारी घरे बांधतात. अनेक आराखड्यांतून एक निवडला जातो आणि तो सगळे मिळून उभारतात. स्वतःचा आराखडा मागे पडला तरी दुसऱ्याच्या घराला खिळे ठोकायचे, हा धडा वर्गात बसून मिळत नाही.

१९९३ साली वर्तुळ पुन्हा अलाबामात आले. टस्कीगीच्या शेजारचे ऑबर्न विद्यापीठ १९६४ पर्यंत कृष्णवर्णीयांना दारातही उभे करत नव्हते. तिथले सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी हेल काउंटीत ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. पहिले घर १९९४ साली एका वृद्ध कृष्णवर्णीय दांपत्यासाठी झाले. भिंती गवताच्या गठ्ठ्यांच्या, वर गिलावा. त्याच घरालगत एका विद्यार्थ्याने मांस धुरवण्याची छोटी खोली बांधली, फुटलेल्या काँक्रीटचे तुकडे, काचेच्या बाटल्या आणि रस्त्यावरच्या जुन्या पाट्या वापरून.

गरिबाचे घर हे श्रीमंत मुलांच्या सरावाचे मैदान आहे का, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. स्टुडिओने २००५ पासून त्याला एक उत्तर शोधले. देखणा, एकमेव नमुना करण्याऐवजी त्यांनी हिशोब उलटा मांडला. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला किती कर्ज फेडता येईल? सुमारे वीस हजार डॉलर. मग साहित्य आणि मजुरी धरून तेवढ्यातच घर बसवायचे, आणि ते स्थानिक गवंडी-सुतारांनाही पुन्हा बांधता आले पाहिजे.

टस्कीगीच्या मुलाने भिंत जपली, कारण ती त्याची होती. त्या विटा त्याने स्वतःच्या शाळेसाठी पाडल्या होत्या. पुढचे विद्यार्थी दुसऱ्यांसाठी बांधत आले. म्हणूनच विद्यार्थ्यांनी बांधलेल्या प्रत्येक घराला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. त्यात राहणाऱ्याला आराखड्यात बोलायची मुभा होती का? आणि विद्यार्थी निघून गेल्यावर तसेच दुसरे घर बांधण्याचा हक्क आणि ऐपत शेजाऱ्याला मिळाली का? लॉस एंजेलिसच्या परसातल्या घराने कायदा बदलून दुसऱ्या प्रश्नातल्या हक्काची बाजू सोडवली. ऐपतीची बाजू अजून बाकी आहे. कारण परस असायला आधी जमीन लागते, आणि ती कोणाकडे आहे हेही त्याच जुन्या नियमांनी ठरवले आहे.