ओटीचे खण

म्हैसूरचा उन्हाळा तसा सौम्य. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंचीवर असल्यामुळे विदर्भातल्या उन्हाची धग येथे जाणवत नाही. तरीही चैत्र लागला की दुपारी अंगावर जाड कपडा नकोसा होतो. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझे बिऱ्हाड या शहरात आले, तेव्हाच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या आईने आपली पत्र्याची ट्रंक उघडली आणि सहा वर्षांच्या नातीसाठी घरीच एक झगा बेतला. त्या ट्रंकेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ घडी न मोडलेले खण होते. ते तिथे का पडून राहिले, याचा शोध घेता घेता मी इतिहासात शिरलो.

खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे त्याचे प्रसिद्ध माहेर. परंपरेने रेशमी ताणा आणि सुती बाणा, सुमारे तीस इंच पन्हा, दोन्ही अंगांना काठ आणि मधल्या भागात बारीक नक्षी, अशी त्याची घडण. आता त्यात कृत्रिम रेशीमही आले आहे. विणणारा कानडी आणि लेणारी मराठी, असा हा जुना ऋणानुबंध. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत गुळेदगुड्ड विजापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात होते. त्या दिवशी ते म्हैसूर राज्यात गेले आणि 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशावरच्या रेषा बदलल्या, तरी खणाने महाराष्ट्राची वाट सोडली नाही.

या कापडाचे खरे स्थान शिंप्याच्या दुकानापेक्षा ओटीत आहे. नारळ, तांदूळ आणि खण यांनी सवाष्णीची ओटी भरावयाची, ही आपली रीत. म्हैसूरकडे गौरीच्या सणाला सुपातून ‘बागिन’ देतात, त्यातही चोळीचे कापड असतेच. आलेला प्रत्येक खण शिवला जातो असे नाही. पुष्कळदा तो पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत जातो. जे उरतात ते ट्रंकेत साठतात. बाईने पैसे न मोजता मिळवलेले आणि सर्वस्वी तिचेच असलेले असे हे धन.

परंतु या धनाला एक अट होती. पती निवर्तला की ओटी थांबे. माझे वडील 1998 साली गेले, आणि आईच्या ट्रंकेत त्यानंतर एकही खण पडला नाही. होते ते तिने वापरलेही नाहीत आणि कुणाला दिलेही नाहीत. तिच्या हातून ते घेण्यास कुणी पुढे आले असते की नाही, याचीच तिला शंका होती.

विधवेच्या वाट्याला आलेल्या या रितेपणावर ज्यांनी उपाय शोधले, त्यांच्या कार्यात शिवणाला मानाचे स्थान मिळाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. रमाबाई रानडे यांना 1901 साली वैधव्य आले; 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. तेथे अक्षरांबरोबर सुईदोराही बायकांच्या हाती दिला गेला. जिची ओटी समाजाने रिती ठेवली, तिच्या हाताला मिळकतीचे साधन मिळाले. तरी रूढी हटण्यास फार काळ जावा लागला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 साली. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

आता झग्याकडे वळू. आईने अंजिरी रंगाचा एक खण लांबीत मधोमध कापला. दोन्ही तुकड्यांना एकेक काठ आला. ते बाजूंनी जोडताच पंधरा इंच उंचीचा घेर तयार झाला आणि काठ आपसूक तळाशी गेला. घेराला चुण्या घातल्या. दुसऱ्या खणातून वरचा भाग, गळा आणि मुंढे बेतले. कापड अंगाला टोचू नये म्हणून आपल्या जुन्या मऊ लुगड्याचे अस्तर लावले. आधी कच्चा धावदोरा, मग मशीनची टीप. चिंधीएवढेच कापड उरले. “पोरीला कसली आली अट?” एवढेच ती म्हणाली.

त्याच महिन्यात घरी चैत्रगौर मांडली. आंब्याची डाळ आणि पन्हे झाले, शेजारच्या कानडी बायका आल्या. माझ्या पत्नीने पहिली ओटी भरली ती आईची. आई क्षणभर थबकली, मग तिने पदर पुढे केला. तो खण मात्र ट्रंकेत गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या टेबलावरची पट्टी मागून नेली आणि स्वतःच्या अंगाचे माप घेतले.