वांगणी एकच नाही

बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. त्यामुळे लहानपणी कुठे 'वावर-वांगणी' ऐकलं की मला वाटायचं, हे आपल्या शेजारचंच काहीतरी! ते वांगणी वेगळं. जव्हार तालुक्यातलं, १९९२-९३ साली कुपोषणाने मुलं दगावली ते. जिल्हा मात्र तेव्हा एकच होता, ठाणे. (पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये.)

तेव्हापासून आपल्यासारख्यांना जव्हार म्हटलं की एकच फोटो आठवतो. हाडं वर आलेलं मूल आणि शून्यात बघणारी आई. फोटो खोटा नसतो. पण त्यात कसं दिसायचं हे त्या आईने ठरवलेलं नसतं.

ही सवय जुनी आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये इथल्या जाती-जमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसांचे फोटो वेगळे घ्यायचे, कापायचे आणि मुंबईतल्या दृश्यांवर चिकटवायचे. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधीचं कट-पेस्ट! ओळख माणसाची नाही, जातीची.

म्हणजे मांडून काढलेला फोटो सत्ताधाऱ्यांच्या कामाचा. पण तो उलटवताही येतो. इराणच्या शादी घदिरियान यांनी १९९८ पासून तेच केलं. एकोणिसाव्या शतकातल्या काजार राजवटीचे कपडे, मागे रंगवलेला पडदा, जुन्या स्टुडिओसारखी पोझ... आणि बाईच्या हातात पेप्सीचा कॅन! पुढच्या मालिकेत तर फुलाफुलांच्या चादोरमध्ये चेहऱ्याच्या जागी थेट इस्त्री, झाडू. १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांनी कसं दिसावं हे सरकार ठरवत होतं. तिथे एका बाईने भाषण न देता हे म्हटलं.

आता परत जव्हारला. इथे बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे लावून रात्र रात्र सोंगं नाचतात. हे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे प्रसिद्ध कारागीर म्हणजे धर्मा कडू. दिल्लीच्या फोटोग्राफर गौरी गिल यांनी २०१५ पासून त्यांचे मुलगे सुभाष आणि भगवान कडू, त्यांचे कुटुंबीय आणि गावातल्या कोकणा-वारली मंडळींबरोबर काम सुरू केलं. विनंती साधीच होती: या वेळी देव नको, आजचं जगणं करा. मग माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे झाले. ते घालून लोकांनी आपल्याच गावात रोजचे प्रसंग उभे केले. २०१७ मध्ये हे फोटो डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात लागले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला.

गंमत बघा. चेहरा झाकलाय, त्यामुळे आपल्याला पटकन कीव करता येत नाही. कुपोषण, आदिवासी, बिच्चारे, हा आपला ठरलेला फोल्डर उघडतच नाही. समोर कुणीतरी आपलं काम करत बसलंय, एवढंच दिसतं. आणि त्या कुणालातरी आपण काय दाखवतोय हे पक्कं ठाऊक आहे.

सगळं गोड आहे असं नाही. कॅमेरा शेवटी शहरातून आलेला, आणि प्रदर्शनात मोठं नाव गिल यांचंच. पण कडू बंधूंचं नाव त्या स्वतः घेतात. जॉन्सनच्या कात्रीपासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

असो. कधी जव्हारला गेलात तर धबधब्याबरोबर बोहाड्याचीही चौकशी करा. आणि कॅमेरा काढण्याआधी समोरच्याला विचारा, फोटो कसा काढू?