डॉक्टरांची नजर: कागदाच्या सुरळीपासून स्मार्ट चष्म्यापर्यंत

मंडळी, आजचा विषय चष्म्याचा आहे, पण सुरुवात कानापासून करू या. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरांकडे हृदयविकाराची एक तरुणी आली. तिच्या छातीला थेट कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली आणि तिच्यातून ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म हा असा झाला. डॉक्टर रोग्यापासून वीतभर दूर गेला, पण त्याला जास्त ऐकू येऊ लागलं. हा सौदा लक्षात ठेवा.

पुढे रोग्याच्या नोंदी वाढल्या, संगणक आला, आणि डॉक्टरांची नजर रोग्यावरून उठून पडद्यावर गेली. तुम्ही बोलत असता, ते टंकत असतात. हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

यावर बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाने २०१३-१४ मध्ये एक उपाय करून पाहिला. तातडीच्या विभागात खोल्यांबाहेर क्यूआर कोड लावले. गूगल ग्लास घातलेल्या डॉक्टरांनी कोडकडे पाहिलं की आतल्या रोग्याची माहिती डोळ्यांपुढे येई. मेंदूत रक्तस्राव झालेला एक रोगी तिथे आला. रक्तदाबाच्या काही औषधांची आपल्याला अ‍ॅलर्जी आहे एवढं तो सांगत होता, पण कोणत्या, ते त्याला आठवेना. डॉक्टर स्टीव्हन हॉर्ंग यांना ते चष्म्यात दिसलं, आणि रोग्यापासून न हलता योग्य औषध देता आलं.

म्हणजे नजर परत आली का? थांबा. ऑगमेडिक्स या अमेरिकन कंपनीने याच चष्म्याचा दुसरा उपयोग केला. तपासणीचं दृश्य आणि संभाषण दूरवरच्या लेखनिकांकडे जाई, आणि नोंदी ते लिहीत. यातले काही लेखनिक बांगलादेशात बसलेले. डॉक्टर आता रोग्याच्या डोळ्यांत पाहू शकत होते, पण त्याच डोळ्यांतून तिसरं कुणीतरीही पाहत होतं! लाएनेकची सुरळी त्या तरुणीला निदान दिसत तरी होती. इथे पाहणारा दिसत नाही.

गूगलने सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१५ मध्ये थांबवली, व्यवसायांसाठीची २०२३ मध्ये. पण असे चष्मे पुन्हा येतच राहणार. माहिती डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे हवी, याबद्दल माझी तक्रार नाही, त्या बोस्टनच्या रोग्याला तिचाच आधार मिळाला. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे कोण पाहतंय हे रोग्याला आधी सांगावं, आणि ‘चष्मा काढा’ म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे असावा. तो नसेल, तर रोगी नुसता पाहिला जातो, त्याची भेट होत नाही.