हजेरीपटाची हुकमत

१९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली, तेव्हा तीत पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी १० रुपये दंड ठोठावला आणि वसतिगृहातून काढून टाकले. त्या शिक्षेच्या न्याय्यतेविषयी महाराष्ट्राने जो निकाल द्यायचा तो पुढे दिलाच. परंतु शिस्तीच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तिचे स्वरूपच अधिक उद्बोधक वाटेल. विद्यार्थी जेथे जेवतो, झोपतो आणि वाचतो, तेथवर प्राचार्यांची सत्ता पोहोचते, हे त्या काळी गृहीतच होते.

ठाणे-कल्याण परिसरात हे गृहीतक टिकेना. आगगाडी १८५३ साली ठाण्यास व पुढल्याच वर्षी कल्याणास आली खरी, पण उच्च शिक्षणापुरता तिचा उपयोग शंभर वर्षे मुंबई गाठण्यापुरताच राहिला. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने १९६९ साली चेंदणी बंदराजवळ, खाडीच्या काठी महाविद्यालय उघडले. कल्याणात १९७२ साली बिर्ला महाविद्यालय निघाले. डोंबिवलीत ‘विको’चे संस्थापक केशव विष्णु पेंढरकर यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. या विद्यालयांत येणारा विद्यार्थी कर्जत-कसाऱ्याकडून लोकलने, नाहीतर मुरबाडकडून एस.टी.ने येई आणि तास संपताच फलाटाकडे धावे. ज्याचे बिऱ्हाड दहा-वीस मैलांवर, त्याला वसतिगृहातून काय काढणार?

म्हणून येथील शिस्तीचा सारा भार हजेरीपटावर पडला. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेशानुसार ७५ टक्के उपस्थिती नसल्यास विद्यार्थ्याची टर्म नामंजूर करण्याचा, म्हणजेच त्याला परीक्षेपासून वंचित ठेवण्याचा अधिकार प्राचार्यांकडे होता. वस्तुतः हा नियम अनुपस्थितांसाठी. पण वर्गात बाके वाजवणाऱ्या, मागून कागदी बाण सोडणाऱ्या अथवा प्राध्यापकांनी फळ्याकडे तोंड वळवताच शीळ घालणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझी टर्म जाईल’ एवढे म्हटले की तो मुकाट्याने बसे, कारण वर्गाबाहेर काढलेल्या प्रत्येक तासाची नोंद गैरहजेरीत होई. विद्यार्थ्यांनीही या शस्त्राला उपाय शोधलाच. शंभरावर मुलांच्या वर्गात एकाने दुसऱ्याची ‘प्रॉक्सी’ लावणे सोपे होते, आणि उशिरा येणाऱ्याच्या ‘गाडी लेट होती’ या सबबीची शहानिशा करणे मध्य रेल्वेच्या प्रवाशांना ठाऊक असलेल्या कारणांमुळे कोणत्याच प्राध्यापकाला शक्य नव्हते.

प्रकरण वाढले, तर ओळखपत्र जप्त होई, लेखी कैफियत मागवली जाई, पालकांस पाचारण होई आणि शेवटी माफीनामा घेऊन दप्तरदाखल केला जाई. ही पद्धत गुरुकुलापेक्षा मामलेदार कचेरीला अधिक जवळची होती. तिच्यात न्याय असे, पण शिक्षण क्वचितच असे. आणि ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांची नावे पाठ होती त्यांना तिचा आश्रय फारसा घ्यावा लागत नसे.

१९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि त्यानंतर कनिष्ठ महाविद्यालयांमुळे सोळा वर्षांची मुले पदवीच्या विद्यार्थ्यांसह एकाच इमारतीत वावरू लागली. शाळेतली छडी मागे राहिलेली आणि विद्यापीठाची टर्म अद्याप लागू न झालेली, अशा या मुलांना आवरण्याचे साधन दीर्घकाळ कोणाहीपाशी नव्हते.

छळाच्या बाबतीत मात्र सरकारने कायदाच केला. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमाने दोन वर्षांपर्यंत कारावास व १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, शिवाय काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्यत्र प्रवेश नाकारला. हा कायदा शिक्षणसंस्थेच्या आवाराबाहेरही लागू होतो. वसतिगृहाची भिंत नसलेल्या या शहरांना प्राचार्यांचा अधिकार जेथे संपत होता तेथून पुढे नेणारी अशी तरतूद प्रथमच मिळाली.

याउलट वर्गातील गोंगाटासाठी जे पुढे सुचले ते फारच फिके होते. २०११-१२ पासून मुंबई विद्यापीठाच्या श्रेयांक-सत्र पद्धतीत अंतर्गत गुणांपैकी ५ वर्गातील सहभागासाठी आणि ५ जबाबदार वर्तनासाठी राखून ठेवण्यात आले. सभ्यतेचे मोजमाप पाचांत करणे ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी शेवटच्या बाकावरचा वर्ग फारसा पाहिला नसावा. काही वर्षांतच ती गुणविभागणी बदलली. ७५ टक्क्यांचा नियम मात्र राहिला.